ताडोबाचें रान व कायदा

शिकारीस बंदी केली कीं वनचरांचें रक्षण झालें, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु वाघाला हरिण हवें, हरिणाला गवत व पाणवठा हवा; आणि हें सर्व जेथें एकत्र नांदतें तें रान तुटलें, तर बंदुकीवांचूनच वाघ नाहींसा होतो. म्हणून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें प्राण्यांबरोबर त्यांच्या निवासभूमीसही आश्रय दिला.

चंद्रपूर जिल्ह्यांतील ताडोबाचेंच पाहा. तेथें १९५५ सालीं ११६.५५ चौरस किलोमीटरांचें राष्ट्रीय उद्यान झालें व १९८६ सालीं लगतचें अंधारी अभयारण्य. नांवें सारखींच वाटतात. परंतु अभयारण्यांत चराईस नियमानें मुभा मिळूं शकते, राष्ट्रीय उद्यानांत गुरें सोडतां येत नाहींत. गुराख्याच्या दृष्टीनें हा केवळ शब्दभेद नव्हे.

शिवाय, ज्याच्यावरून ताडोबा हें नांव पडलें असें सांगतात, तो तारू गोंडांचा देव. त्याचें स्थान तळ्याकांठीं, उद्यानाच्या आंतच आहे. रानांतील कांहीं गांवें उठवून बाहेर वसविण्यांत आलीं. ग्रामसभेच्या संमतीवांचून असें स्थलांतर करूं नये, ही अट २००६ च्या वनहक्क कायद्यानें घातली. आमच्या मतें ती १९७२ च्या कायद्यांतच असावयास हवी होती.