उतारवयातील व्यायाम : चढ किती, विसावा किती?

गेल्या महिन्यात या सदराच्या नावे दोन फुलस्केप पानांचे एक पत्र आले. लिहिणारे गृहस्थ एस.टी.तून चालक म्हणून निवृत्त झालेले, वय ६४. ते लिहितात, "डॉक्टरसाहेब, निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे पाच वाजता सहा किलोमीटर फिरायला जातो. चार वर्षांत एकही खाडा नाही. पावसात छत्री घेऊन गेलो, मुलीच्या लग्नाच्या दिवशीही गेलो. पण गेले दोन महिने पाय जड झाले आहेत, झोप मोडते. परत येताना ओढ्याच्या पुलावर बसावे लागते. शेजारी म्हणतात, वय झाले, आता बंद करा. मुलगा म्हणतो, आणखी दोन किलोमीटर वाढवा म्हणजे दम वाढेल. मी कोणाचे ऐकू?"

पत्राखाली फोन नंबर होता म्हणून बरे. हे सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखे ते पत्र नव्हते. मी त्यांना त्याच दिवशी फोन केला आणि फिरणे तूर्त थांबवून आधी हृदयाचा आलेख, चालत्या पट्ट्यावरची तपासणी, साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड एवढे पाहून घ्या असे सांगितले. कालपर्यंत जे अंतर सहज चालत होतो तेच अंतर चालताना आज बसावे लागते, ही साठीनंतर साधी गोष्ट समजू नये. छातीत दुखलेच पाहिजे असे नाही. पुष्कळदा, विशेषतः मधुमेह असलेल्यांत, हृदयाची तक्रार नुसता थकवा किंवा धाप होऊन येते. "वय झाले" म्हणून पुलावर टेकणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यातले एकजण पुलावरून उठलेच नाहीत. चालताना छातीवर दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर यांपैकी काही झाले तर तो व्यायामाचा किंवा विश्रांतीचा प्रश्न उरत नाही, सरळ डॉक्टरांकडे जायचे.

आमच्या चालकसाहेबांचे सगळे अहवाल चांगले आले. मग मूळ प्रश्न उरला. त्याचे उत्तर मला आठवड्याच्या एका सदरात देता येईल असे वाटते, कारण मी स्वतः तो प्रश्न चुकीच्या दोन्ही बाजूंनी सोडवून पाहिला आहे.

आमच्या गावाबाहेर देवीची टेकडी आहे. ६१ व्या वर्षी मी ती रोज चढायला सुरुवात केली. बरोबर दोन समवयस्क मित्र. पहिले तीन महिने फार छान गेले. मग आमच्यात कोण आधी वर पोहोचतो अशी न बोललेली शर्यत लागली. टाचेच्या मागे, घोट्याच्या वर, सकाळी उठल्याबरोबर दुखू लागले. चार पावले टाकली की थांबायचे, म्हणून मी दुर्लक्ष केले. एखाद्या रुग्णाने हे सांगितले असते तर मी त्याला दोन आठवडे चढ बंद करायला लावला असता. पण डॉक्टर स्वतःचा डॉक्टर नसतो. खाडा होऊ द्यायचा नाही या हट्टापायी सात महिने चढत राहिलो आणि एका सकाळी उतरताना पाय टेकवेना. जाड कंडरा सुजली होती.

पुढची चूक पहिलीपेक्षा मोठी होती. रागाने म्हणा, कंटाळ्याने म्हणा, मी सगळेच सोडले. चार महिने दवाखाना, घर आणि खुर्ची. त्यानंतर एका लग्नात जमिनीवर पंगत होती. जेवण झाले आणि मला हात टेकल्याशिवाय उठता येईना. शेजारच्या मुलाने हात दिला. त्याच महिन्यात माझी उपाशीपोटीची साखर पहिल्यांदा मर्यादेबाहेर गेली.

व्यायामाने स्नायू बळकट होतात, हे अर्धेच खरे आहे. व्यायाम करताना स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते आणि त्यातला साखरेचा साठा खर्च होतो. बळकटी येते ती नंतरच्या तासांत, जेवणातून आणि झोपेतून. विशीतल्या मुलाचे हे दुरुस्तीचे काम एक-दोन दिवसांत उरकते. साठीनंतर ते होते, पण सावकाश होते, कारण अन्नातल्या प्रथिनांपासून नवा स्नायू घडवण्याची शरीराची तत्परता कमी झालेली असते. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरांचे काम तर त्याहून सावकाश, कारण तिथे मुळात रक्तपुरवठा कमी. म्हणून पोटरी ताजीतवानी वाटते आणि टाच मागे राहते. दुरुस्ती पुरी व्हायच्या आत दुसऱ्या दिवशी तेवढाच ताण दिला, तिसऱ्या दिवशीही दिला, की बळकटीऐवजी झीज साठत जाते. जड पाय, मोडकी झोप आणि चिडचिड ही त्याचीच लक्षणे.

मग शेजाऱ्यांचे ऐकून बंद करावे का? मुळीच नाही. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यात झोपवून ठेवण्याचा प्रयोग झाला. त्यांची श्रम करताना प्राणवायू वापरण्याची क्षमता चतुर्थांशाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी तेच पाचजण पुन्हा तपासले गेले. तीस वर्षांच्या वयवाढीने केलेले नुकसान त्या तीन आठवड्यांच्या बिछान्याने केलेल्या नुकसानापेक्षा कमी निघाले! आणि पन्नाशीतल्या या माणसांनी सहा महिने हळूहळू वाढवत व्यायाम केला, तेव्हा ही क्षमता प्रयोगापूर्वी विशीत होती तेवढी परत आली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात साठी ओलांडलेली निरोगी माणसे फक्त दहा दिवस अंथरुणावर राहिली, तर त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस घटले. तापाने किंवा शस्त्रक्रियेने आठवडाभर पडून राहिलेल्या आजोबांचे पाय नंतर का लटपटतात, हे यावरून समजावे. विश्रांती म्हणजे अंथरूण धरणे नव्हे.

या दोहोंचा मेळ आपल्याकडच्या लोकांना नवा नाही. आळंदीहून पंढरपूरला निघणारी पालखी पाहा. सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट, आणि चालणाऱ्यांत साठी-सत्तरीची माणसे हजारोंनी. पालखी पुण्यात दोन मुक्काम करते. मग पुण्याहून सासवडचा लांब टप्पा, त्यात दिवे घाटाचा चढ. तो चढून आल्यावर सासवडला पुन्हा दोन मुक्काम. शिवाय रोजच्या वाटेत ठरलेले विसावे. कोणी त्याला आळस म्हणत नाही, तो वारीचाच भाग असतो. सगळ्यात अवघड दिवसानंतर मोकळा दिवस. मुक्कामाच्या दिवशीही वारकरी झोपून नसतो. कपडे धुतो, पाय चोळतो, कीर्तनाला जातो. कितीतरी गावांत सोमवारी बैल औताला जुंपत नसत. बैलाला जे कळून दिले ते माणूस स्वतःला देत नाही.

आता जोर किती लावायचा? आयुर्वेदाच्या ग्रंथांत व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आहे आणि तोंडाने श्वास घ्यावा लागू लागणे ही त्याची खूण दिली आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर चालताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येते पण अभंग म्हणता येत नाही, तो मध्यम जोर. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जास्त जोर. ज्यांना रक्तदाबासाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या चालू आहेत त्यांनी व्यायामातल्या नाडीच्या आकड्यावर विसंबू नये. या गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत. बोलण्याची परीक्षा मात्र त्यांनाही लागू पडते.

जास्त जोर साठीनंतर वर्ज्य आहे असे समजू नका. मी स्वतः पूर्वी रुग्णांना "नुसते हळूहळू फिरा" असे सांगत असे. तो सल्ला आता मला अपुरा वाटतो. जपानमधील मात्सुमोतो येथील शिन्शू विद्यापीठात एक साधी पद्धत तपासली गेली आणि २००७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन मिनिटे भरभर चालायचे, तीन मिनिटे सावकाश, अशी पाच आवर्तने. पाच महिन्यांत, एकाच मध्यम चालीने चालणाऱ्यांपेक्षा या लोकांच्या मांड्यांची ताकद अधिक वाढली, रक्तदाबही अधिक उतरला. त्यात एक गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. हा व्यायाम आठवड्यातून चार दिवस सांगितला होता, रोज नव्हे. आणि प्रत्येक तीन मिनिटांच्या चढामागे तीन मिनिटांचा विसावा होता.

चालकसाहेबांचा हिशेब आम्ही फोनवरच मांडला. रोज सहा किलोमीटर म्हणजे सव्वा तास धरा. आठवड्याला जवळजवळ पावणेनऊ तास. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाण आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटे, म्हणजे अडीच ते पाच तास. हे गृहस्थ कमी पडत नव्हतेच. त्यांच्या व्यायामात कमी होती ती विविधतेची. रोज तेच अंतर, तोच वेग, तेच स्नायू. पासष्टीच्या पुढे स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा आणि तोल सांभाळण्याचा तीनदा हवा, तो त्यांच्या वहीत कुठेच नव्हता.

म्हणून सोमवारी आणि शुक्रवारी जपानी पद्धतीने अर्धा तास. पहिल्या महिन्यात पाचऐवजी तीनच आवर्तने. मंगळवारी आणि शनिवारी तीन किलोमीटर रमतगमत. बुधवारी फिरणे नाही. घरी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून ढकलणे, ओट्याला धरून टाचा उचलणे. हेच रविवारी पुन्हा. दात घासताना एका पायावर उभे राहणे, बोट भिंतीजवळ ठेवून. गुरुवारी पूर्ण सुट्टी. गुरुवार ऐकल्यावर फोनवर शांतता पसरली. मी विचारले, "लांब पल्ल्याची ड्यूटी करून आल्यावर तुम्हाला विश्रांती मिळायची की नाही?" ते म्हणाले, "मिळायची तर! नाही दिली तर आम्ही भांडायचो."

आणखी एक गोष्ट त्यांना करायला सांगितली. सकाळी डोळे उघडल्यावर अंथरुणातच मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटे ठेवून मिनिटभर नाडी मोजायची आणि दुधाचा हिशेब लिहितो तशी दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहायची. पंधरा दिवसांत आपला नेहमीचा आकडा कळतो. एखाद्या सकाळी तो आठ-दहांनी जास्त आला, झोपही नीट झाली नसली, तर तो दिवस आपोआप हलका. ताप, जुलाब असताना फिरायला जायचेच नाही. मनगटी घड्याळात दहा हजार पावले भरली नाहीत म्हणून रात्री अंगणात येरझारा घालणारे लोक मला भेटतात. हा दहा हजारांचा आकडा मुळात १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला आहे. वैद्यकीय सल्ला म्हणून तो जन्माला आलेला नाही.

जेवणाचे थोडक्यात सांगतो. उतारवयात दर किलो वजनामागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला साठ-सत्तर ग्रॅम. रात्री पोळी आणि पातळ वरण यावर ते भरत नाही. मोडाची उसळ, पिठले, दही, दूध, चालत असेल तर अंडे, हे तिन्ही जेवणांत विभागून घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. दुपारची वामकुक्षी वीस-पंचवीस मिनिटांची चांगली. दोन तासांची झाली तर रात्रीची झोप खाते.

हे सगळे वाचून शेतावर राबणाऱ्या बायका हसतील, आणि त्यांचे बरोबर आहे. परवा पासष्टीच्या एक मावशी गुडघे धरून आल्या. सोंगणीचे दिवस, पहाटे स्वयंपाक, दिवसभर वाकून काम, संध्याकाळी पाणी. बरोबर आलेली सून म्हणाली, "डॉक्टर, सासूबाईंना काही व्यायाम सांगा." मी म्हटले, सोंगणी संपेपर्यंत व्यायाम नको, बाजारच्या दिवशी सुट्टी सांगतो. त्या दिवशी विळा नाही, विहीर नाही, पाणी सुनेने भरायचे. मावशींनी सुनेकडे पाहिले. सुट्टी लिहून द्या म्हणाल्या. मी चिठ्ठीवर गोळ्यांच्या वर ती लिहून दिली.

चालकसाहेबांचा परवा फोन आला. तीन आठवडे झाले, पुलावर बसावे लागत नाही, सकाळची नाडी ७६ वरून ७० वर आली आहे. पण पहिला गुरुवार घाट उतरण्यापेक्षा अवघड गेला म्हणाले. घरात बसवेना, म्हणून स्टँडवर जाऊन चहा घेतला आणि गाड्या सुटताना पाहत तासभर बसले. "स्टँडपर्यंत चालत गेलो, ते व्यायामात धरायचे का?" मी म्हटले, धरू नका.