अवजारखोलींतील न्हाणीची जमीन
शेतावरील अवजारें दुरुस्त करण्याच्या पक्क्या खोलींत न्हाणी असणें सोयीचें. परंतु तिची जमीन गुळगुळीत करूं नये, हें मी पडून शिकलों. काँक्रीटवरील सिमेंट घोटून आरशासारखें केलें होतें. वंगणाचे हात साबणानें धुतांना पाय सरकला, मनगट मोडलें व त्या वर्षींची पेरणी दुसऱ्याच्या हातीं गेली.

आमच्या बुलढाण्याकडील काळ्या दगडाच्या पातळ फरश्या निघत नाहींत. सबब कलबुर्गीकडील शहाबादी घ्यावी, मात्र बिनपॉलिशची. ती चुनखडीची असल्यामुळें तीवर तेजाब ओतूं नये. पाणी निघण्याच्या तोंडाकडे दर फुटास पाव इंच उतार ठेवावा. पैसा थोडा असल्यास ओल्या सिमेंटवर खराट्यानें रेघा ओढाव्या, व तें घट्ट झाल्यावर 7 दिवस पाणी मारावें. या दोन्ही जमिनींवर ओला पाय ठरतो.