साडेचारशे रुपयांचं चक्र

दौंडच्या उसाच्या पट्ट्यात नव्या नंबर प्लेटचा विषय निघाला की ४५० हा आकडा येतोच. १ एप्रिल २०१९च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली. ट्रॅक्टर आणि दुचाकीसाठी ४५० रुपये, जीएसटी वेगळा. चमकत्या टिकलीला एवढे पैसे कशाला, हा राग समजण्यासारखा आहे. पण त्या पाटीवरची सगळ्यात बारीक कारागिरी नेमकी त्या टिकलीतच आहे. डाव्या कोपऱ्यात वर, २० मिलिमीटर लांबी-रुंदीचा, क्रोमियमचा अशोकचक्राचा होलोग्राम. पाटी तिरपी केली की त्यावर सरकणारे लाल-हिरवे रंग शाईतून येत नाहीत. ते पृष्ठभागाच्या घडणीतून येतात. अशा होलोग्रामवर साधारण एक मायक्रोमीटर अंतराने चऱ्या असतात, म्हणजे केसाच्या जाडीत पन्नासेक सहज मावतील. लेझरने कोरलेल्या मूळ नमुन्यावरून निकेलचा साचा बनतो, साच्यावरून फिल्मवर ठसा उमटतो. त्या ठशाला धातूचा पातळ थर मिळाला की प्रकाशाला वाट ठरवून दिली जाते. समोरून सरळ प्रकाश पडला, तर अशा चऱ्यांवरून निळा सुमारे २७ अंशांत वळतो आणि लाल ४० अंशांत. म्हणून फोटोकॉपीत हा रंगांचा खेळ सापडत नाही. फोटोकॉपी एकाच कोनातून बघते.

यावर कोणी म्हणेल, इंद्रधनुष्य तर भेटवस्तूच्या चमकी कागदावरही दिसतं. अगदी खरं आहे, आणि म्हणूनच नुसती चमक बघून पाटी खरी ठरवणं चुकीचं. बघायचं ते वेगळंच: कोन बदलताना चक्र रेखीव राहतं का, आणि ते तापवून ठशाने पाटीत बसवलेलं आहे की नखाने सुटणारं स्टिकर आहे. शिवाय खाली डावीकडे लेझरने कोरलेला क्रमांक आहे, तो नोंदीशी जुळायला हवा. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. रस्त्यावरचा कॅमेरा फक्त आकडे वाचतो, चक्राकडे त्याचं लक्षच नसतं. आणि गळिताच्या हंगामात ट्रॅक्टरची पाटी चिखलाने माखलेली असते. मग ही कारागिरी बघणार कोण? जुनी दुचाकी विकत घेणारा बघू शकतो, तपासणी नाक्यावरचा हवालदार बघू शकतो. पण काय बघायचं ते त्यांना कोणीतरी दाखवलं पाहिजे. सक्तीचा प्रचार दर आणि मुदतीवरच भर देतो. पाटी तिरपी करून कशी बघावी, याचं एक चित्र पावतीच्या मागे छापलं असतं, तर त्या ४५० रुपयांत गाडीमालकाच्या हाती पारखही आली असती.