जुन्या घराची शोभा

सुगी आटोपून हातीं दोन पैसे आले म्हणजे घर नीटनेटकें करावें, असा विचार शेतकरी कुटुंबांत साहजिकच निघतो. देशावर अद्याप पुष्कळ घरें वडिलोपार्जित आहेत. काळ्या दगडाचें जोतें, त्यावर दगडाच्या अथवा पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, लांकडी खांब व तुळया आणि माथ्यावर माळवद, अशी त्यांची साधारण बांधणी असते. अशा घराच्या शोभेसाठीं हल्लीं जो खर्च केला जातो, त्यानें पुष्कळदां शोभा तर वाढत नाहींच, उलट घराचें आयुष्य घटतें. म्हणून या विषयाचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

पहिली गोष्ट मजबुतीची. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीच्या परिसरांत झालेल्या भूकंपांत हजारों माणसें आपल्याच घरांच्या दगडमातीखालीं सांपडून मेलीं. तेथील जाड भिंतींचे आंतले व बाहेरचे थर एकमेकांस सांधलेले नव्हते, आणि माळवदावर मातीचा भार फार होता. पावसाळ्यापूर्वीं माळवदावर नवी माती पसरण्याची चाल आहे. परंतु जुनी खरवडून न काढतां नवी टाकीत गेल्यास थर वाढतच जातो. सबब जादा माती आधीं उतरवावी. भिंतीस फुगवटा आला असल्यास जाणत्या गवंड्याकडून ती उतरवून, जागोजाग आरपार जाणारे लांब दगड घालून पुन्हां बांधून घ्यावी. तुळईचें भिंतींत गेलेलें टोंक टोंचून पाहावें. ओल व वाळवी बहुधा तेथेंच लपून असते.

आतां भिंतींची सजावट. मातीची भिंत ओल शोषिते आणि हवा कोरडी झाली कीं ती बाहेर टाकिते. तिला सिमेंटचा गिलावा केला अथवा तेलरंग फांसला, तर ही वाट बंद होते. कोंडलेल्या ओलीनें लोणा फुटतो, पोपडे सुटतात, आंतील माती भुसभुशीत होते आणि अखेर गिलावाच भिंतीची खरपुडी घेऊन खालीं येतो. त्यापेक्षां चाळलेली माती, वाळू, गव्हाचें भूस व शेण पाण्यांत कालवून आठवडाभर मुरूं द्यावें, मधून मधून तुडवावें, आणि भिंत किंचित् भिजवून त्याचे दोन पातळ थर द्यावे. पहिला पुरता वाळल्याखेरीज दुसरा देऊं नये. वरून चुन्याचा हात द्यावा. कळीचा चुना विझवितांना तो उकळून उडतो, म्हणून डोळे संभाळावे व मुलांस दूर ठेवावें. मुरलेला चुना फडक्यांतून गाळून पातळ असे तीन हात दिल्यास भिंत उजळते; त्यांत थोडा गेरू मिसळल्यास सोप्यास सौम्य तांबूस छटा येते.

सारवलेली जमीन डोळ्यांस निववते हें खरें. पण तिचे कष्ट घरांतील स्त्रियांवर पडतात, हें पुरुषांनीं विसरूं नये. स्वयंपाकघरांत व न्हाणीपाशीं शहाबादी फरशी बसवावी, आणि सारवण ओसरीपुरतें राखावें.

सागवानी खांब व कोरीव चौकटी तेलरंगाखालीं बुजल्या असतील, तर रंग हळूहळू खरवडून जवसाचें तेल पातळ चोळावें. येथें एक इशारा देणें अवश्य वाटतें: या तेलानें भिजलेल्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यांत टाकिल्यास तो आपोआप तापून पेटूं शकतो. कडब्याच्या गंजीजवळ तर त्या मुळींच ठेवूं नयेत. उघड्यावर एकएक पसरून वाळवाव्या.

राहिल्या वस्तु. कोनाड्यांत समई, देवळींत पणती, भिंतीशीं जातें, बैठकीवर धनगरी घोंगडी, एवढ्यानें सोपा भरून दिसतो. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली हातमागाची घोंगडी विकत घेतल्यास विणकराच्या पोटासही आधार होतो. तांब्यापितळेचीं भांडीं चिंच व राखेनें घांसून मांडावीं. मात्र पितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ करावयाचा तर कल्हई हवीच.

पुण्यांतील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत दिवे, अडकित्ते, भांडीं व कोरीव दरवाजे लोक तिकीट काढून पाहतात. त्यांतील बहुतेक वस्तु एके काळीं कोणाच्या तरी घरांत नित्य वापरांतल्याच होत्या. इकडे आपण मात्र तशाच वस्तु मोडीच्या भावानें दारावर आलेल्या व्यापाऱ्यास देऊन टाकितों, आणि आजोबांच्या हातचा दरवाजा शहरांतील एखाद्या उपाहारगृहाची शोभा होतो. वांटणीच्या वेळीं तर चौकट एकाकडे व फळ्या दुसऱ्याकडे, असाही प्रकार घडतो. भाऊबंदांनीं निदान दरवाजा, देवघर व खांब यांची फाळणी न करण्याचें आधींच लिहून ठेवावें, अशी आमची सूचना आहे.

जुनें तेवढें सारें राखावें, असें आमचें म्हणणें नाहीं. जें धोक्याचें तें उतरवावें, जें कष्टाचें तें बदलावें, आणि जें सुंदर असून अजून कामाचें आहे तें विकूं नये. माती, चुना, शेण व भूस बहुतेक गांवीं आहेतच. कमी पडूं लागले आहेत ते त्यांचें काम जाणणारे हात. असा वृद्ध गवंडी गांवांत असेल, तर येत्या उन्हाळ्यांत घराचें काम त्याच्या हातून करवून घ्यावें आणि आपल्या मुलांस त्याच्या हाताखालीं द्यावें.