सामायिक दप्तराची राखण

सुरतेच्या कापड व हिरे बाजारातील अनेक पेढ्यांचे दप्तर आता एका सामायिक संगणक-भांडारात असते. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या उपद्रवी प्रणालीने मर्स्क समूहाचे जगभरचे व्यवहार रोखले. न्हावा-शेवा बंदरातील त्याच्या टर्मिनलचे कामही खोळंबले. एका यंत्रातील लागण जाळ्यातून सर्वत्र पसरते. यास्तव प्रत्येक फाइल ठेवताना व उघडताना तपासणारी व्यवस्था भांडारावरच बसवावी, तिची विषाणू-यादी प्रत्यही नवी करावी व संशयित फाइल अलग काढावी. तथापि लागण झालेले यंत्र बाहेरूनच भांडारातील फाइली कुलूपबंद करू शकते. तेव्हा तपासणी अपुरी पडते. म्हणून लिहिण्याचा अधिकार मोजक्यांनाच द्यावा आणि रोजची एक नक्कल जाळ्यापासून तोडून ठेवावी. तिजोरीची दुसरी किल्ली वेगळ्या जागी ठेवणाऱ्या व्यापारी बंधूंस याचे महत्त्व सांगणे न लगे.