बंद घरांतील मांजर आणि त्याचे जंत



“आमचें मांजर तिसऱ्या मजल्यावरून कधीं खालीं उतरत नाहीं, त्याला जंत कोठून होणार?” असा प्रश्न पशुवैद्यांस नित्य ऐकावा लागतो. प्रश्न वाजवी आहे. जंत मातींतून व मारलेल्या उंदरांतून येतात, हा समज खराच आहे. परंतु तो अपुरा आहे. दार लावून घेतलें तरी पिसू आंत येते, आणि तिच्या पोटांतून जंत येतो.

मांजराच्या शेपटीखालीं, किंवा तें निजतें त्या गादीवर, भाताच्या शितासारखे कण कधीं कधीं आढळतात. ताजे असतां ते किंचित् हलतात. वाळले म्हणजे तिळासारखे दिसतात. हीं पट्टकृमीचीं सुटून पडलेलीं पेरें होत. मूळ कृमि आंतड्याच्या भिंतीस डोक्यानें चिकटून राहतो व हातभर लांब वाढूं शकतो. लिनियसनें १७५८ सालीं त्याला कुत्र्यावरून नांव दिलें. कृमि मात्र कुत्रा आणि मांजर असा भेद करीत नाहीं.

प्रत्येक पेरांत अंडीं भरलेलीं असतात. पण तीं मांजरानें चाटलीं तरी त्यापासून त्याला कृमि होत नाहीं. तीं प्रथम पिसवेच्या अळीनें खावीं लागतात. ही अळी सतरंजीच्या धाग्यांत व फरशीच्या फटींत राहते. पुढें अळीची पिसू होते, आणि तिच्या अंगांत कृमीचें पिल्लूही वाढतें. पिसू चावली कीं मांजर अंग चाटतें, चाटतांना तिला गिळतें, आणि सुमारें तीन आठवड्यांत पुन्हां पेरें पडूं लागतात.

“औषध दिलें, पण गुण आला नाहीं,” या तक्रारीचा उलगडा येथें होतो. प्राझिक्वांटेल हें औषध पोटांतील पट्टकृमि मारतें. उद्यां गिळल्या जाणाऱ्या पिसवेवर त्याचा इलाज नाहीं. म्हणून जंताच्या औषधाबरोबरच पिसवांचा बंदोबस्त हवा. बारीक दातांच्या फणीनें मांजर विंचरावें. निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावे. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा समजावी. अंथरुणें गरम पाण्यानें धुवावीं, फटी झाडाव्या. आणि हें एकदां करून भागत नाहीं, कारण कोशांतील पिसू महिनोन्‌महिने दबा धरून राहूं शकते.

येथें एक धोका आहे, आणि तो जंतांहून मोठा आहे. कुत्र्यांसाठीं मिळणाऱ्या पिसवांच्या कांहीं औषधांत पर्मेथ्रिन असतें. कुत्र्याला तें सोसतें. मांजराला त्यानें थरकांप सुटतो, झटके येतात, व प्रसंगीं प्राणही जातो. तेव्हां कुत्र्याचें उरलेलें औषध काटकसरीखातर मांजरास लावूं नये. लसणीचा घरगुती उपायही करूं नये. लसणीनें मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

पिलांची गोष्ट निराळी. त्यांना गोल जंत आईच्या दुधांतूनच मिळतात. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून, वजन पाहून, पशुवैद्याच्या सल्ल्यानें औषध सुरू करावें. या जंतांचीं अंडीं माणसाच्या पोटांत गेल्यास अपाय करूं शकतात; परंतु विष्ठेंतून पडतांच तीं बाधक नसतात, त्यांस कांहीं आठवडे लागतात. यास्तव मांजराच्या विष्ठेचें तबक रोजच्या रोज साफ करावें, आणि तें काम लहान मुलांवर सोंपवूं नये.