चरबी, खाद्य आणि वंश

एकाच गोठ्यात, एकाच वैरणीवर वाढलेली दोन जनावरे सारखी अंगाला येत नाहीत, हा पशुपालकांचा नित्याचा अनुभव आहे. यात खाद्याचा वाटा किती व वंशाचा किती, हे गोठ्यात ठरविणे कठीण असते. शास्त्रज्ञांनी हा गुंता उंदरांच्या साहाय्याने पुष्कळसा उकलला आहे.

सख्ख्या भावाबहिणींची जोडी लावण्याचा क्रम सतत २० पिढ्या चालविला, म्हणजे उंदरांचा शुद्ध वाण तयार होतो. त्यातील सर्व उंदीर आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ एकसारखे असतात. अशा दोन वाणांना एकच खाद्य व एकच निगा देऊनही फरक दिसला, तर तो वंशाचा समजावा.

अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथे १९४९ साली काही पिले अतोनात लठ्ठ होताना आढळली. एका जनुकातील दोषामुळे त्यांची भूक भागतच नसे. डग्लस कोलमन यांनी असा लठ्ठ उंदीर निरोगी उंदरास शस्त्रक्रियेने जोडला. तेव्हा लठ्ठ उंदराचे खाणे कमी झाले. भूक आवरणारे द्रव्य रक्तातून येते व लठ्ठ उंदरात त्याचाच अभाव आहे, हे यावरून त्यांनी ताडले. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जनुक शोधून काढले. चरबीच्या पेशींत तयार होणाऱ्या या द्रव्यास लेप्टिन म्हणतात. साठा पुरेसा झाल्याचा निरोप ते मेंदूस पोचविते. ते नसेल तर यकृतातील चरबी घडविणारी जनुकेही अधिक जोमाने काम करतात.

कोलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली. हाच दोष दोन शुद्ध वाणांत उतरविला असता दोन्हीकडील उंदीर लठ्ठ झाले. परंतु एका वाणात रक्तातील साखर काही काळ वाढून पुन्हा उतरली, तर दुसऱ्यात मधुमेह बळावून उंदीर अकाली मेले. म्हणजे एका जनुकाचा परिणाम किती व कसा प्रकट व्हावा, हे सोबतच्या इतर जनुकांवरही अवलंबून असते.

शेतकऱ्यांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. जनावरांची तुलना करताना खाद्य व निगा सारखी ठेवावी आणि ग्रामसेवकांनी तशा नोंदी ठेवण्यास साहाय्य करावे. दुसरे असे की, जवळच्या रक्तातील पैदास हे प्रयोगशाळेचे साधन आहे. गोठ्यात तिच्यामुळे जोम व प्रजननक्षमता घटते. म्हणून वळूच्या स्वतःच्या कालवडी माजावर येण्यापूर्वी तो वळू बदलावा.